झाकणाचं भोक

भोकरदन
ता. ११ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप रामराव मामांना भाची दैवशालेचा पाय धरून नमस्कार. मामीलाही सांगा.

फोन तुम्ही उचलत न्हाई. दोन वर्षं झाली, माणसानं किती वाजवायचा. म्हणून कागद घेतला. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर हाय, चष्मा लावून वाचा. शेजाऱ्याकडून वाचून घेऊ नका. अर्ध्यात फाडलं तर मी दुसरं लिहीन, तव्हा एकदाच पुरं वाचलेलं बरं.

इकडं ठीक. वर्कशॉपवरचे पत्रे बदलले. ट्रॅक्टरचे रेडिएटर येऊन राह्यले, बसायला टाइम न्हाई. गुडघा दुखतो. तुमचा हरभरा सोंगून झाला का?

आता कामाचं लिहिते. कचरूलाल सेठची काळी मोटार चालू झाली.

हां, तीच. सेठच्या वडलांनी घेतलेली, दर पंधरा किलोमीटरला बंद पडणारी, जिच्यापायी तुम्ही पाना खाली ठेवून केदारखेड्याला जाऊन बसला. परवा ती भोकरदनहून जालन्याला गेली आणि परत आली. मधे कुठंच थांबली न्हाई. मागच्या सीटवर मी बसले व्हते, सेठाणीसारखी. आणि ती चालू केली मी. इंजनातलं मला काही कळत न्हाई, मी टाकीवाली, रेडिएटरवाली, पत्र्याची बाई. तरी मी केली.

झालं असं. सेठच्या पोराला, रजतला, गाडी संभाजीनगरला जुन्या मोटारींच्या मेळ्यात न्यायची व्हती. तिथल्या एका मोठ्या गॅरेजात दाखवली. त्यांनी अजून एक पंप बदलला आणि सांगितलं, इंजन गेलं, फेकून द्या. मंग सेठ टेम्पोत घालून माझ्याकडं घेऊन आले, ते काही चालू करायला न्हाई. म्हणले, "दैवशालाबाई, टाकी गळून राह्यली. कथलाचा डाग देऊन द्या. रंग मारून घरासमोर उभी करतो, वडलांची आठवण म्हणून. चालवायचं नाव आता घेत न्हाई."

टाकी खाली उतरवली. बघते तर टाकीचं पोट आत गेलेलं, आणि तिथंच जोडावर पाझरून राह्यली.

रजत म्हणला, "दगड लागला असंल."

म्हणलं, "दगड लागला तर वरखडा दाखव. ही बाहेरून मार खाल्लेली न्हाई. ही आतून वढलेली हाय."

"टाकीला आतून कोण वढंल, काकू?"

पाण्याची प्लास्टिकची बाटली व्हती त्याच्या हातात. म्हणलं, तोंड लावून वढ, हवा आत जाऊ देऊ नको. त्यानं वढली, बाटली चिपकली. सेठ म्हणले, "हे तर आमच्या एकाही इंजिनियरनं सांगितलं न्हाई." मी म्हणलं, त्यांनी कधी टाकी मांडीवर घेतलीय का.

मामा, आता नीट वाचा. पंप पेट्रोल वढतो. जेवढं पेट्रोल गेलं तेवढी हवा टाकीत यायला पाहिजे. जुन्या गाड्यांना त्याच्यासाठी झाकणातच बारीक भोक असतं. ते भोक बुजलेलं. हवा येईना, टाकी वढल्या जायची, पंपाचा जोर चालायचा न्हाई आणि गाडी मरायची. तुम्ही काय करायचे, आधी झाकण उघडून पेट्रोल बघायचे. तिथंच हवा आत जायची. मंग तुम्ही पंप बदला न्हाईतर कार्बोरेटर धुवा, गाडी चालू व्हायचीच. तुम्हाला वाटायचं, झालं. पंधरा किलोमीटरवर पुन्हा तेच.

तुमचे चारही पंप बराबर व्हते. तुमच्या कामात काही खोट नव्हती. हे मी दोनदा लिहायला तयार हाय. तुमच्या कामात काही खोट नव्हती.

भोक कसं बुजलं ते पुढं लिहिते.

भोक मोकळं केलं, टाकी ठोकून सरळ केली, गाडी पळायला लागली. सेठनं पेढे वाटले. आठ दिवसांनी लाडबाईचा निरोप, म्हणजे सेठच्या आईचा. मी गेले. म्हातारी सामायिकाला, जैनांच्या ध्यानाला, बसते त्या खिडकीखालीच गाडी उभी राहते. ऊन चढलं की टाकीतलं पेट्रोल तापतं, आणि त्याची वाफ भोकातून निघून थेट खिडकीत.

लाडबाई म्हणली, "बाई, तुझी गाडी चालते पण माझं डोकं फिरतं. भोक बंद कर."

"बंद केलं तर गाडी बंद पडंल."

"मंग दोन्ही कर."

म्हातारीचा मला राग आला आणि ती आवडली पण. म्हणलं, करते.

भंगारात एक नवीन जमान्याची गाडी पडली व्हती. त्या गाड्यांना इंजनाजवळ काळा डबा असतो, तुम्ही बघितला असंल, त्यात कोळसा भरलेला. टाकीची वाफ नळीनं त्या डब्यात जाते, कोळसा ती धरून ठेवतो. गाडी चालू झाली की इंजन ती वाफ वढून घेतं आणि जाळतं. वास बाहेर येत न्हाई, पेट्रोल वाया जात न्हाई. आणि टाकीला हवा पाहिजे तव्हा ती त्याच डब्यातून, कोळशातून आत येते. मी तो डबा काढून आणला. टाकी धुतली, तुम्ही शिकवल्यासारखी पाण्यानं काठोकाठ भरली, मंगच आग जवळ नेली, आणि वरच्या अंगाला नळीचं तोंड बसवलं. नळी आधी उंच नेऊन मंग पुढं आणली, म्हणजे वळणावर पेट्रोल उसळून डब्यात जायला नको. दुसरी नळी डब्यातून कार्बोरेटरच्या हवेच्या तोंडाला. तीनदा खोललं, तीनदा बसवलं. चौथ्यांदा लाडबाई खिडकीत बसली, नाक वर करून वास घेतला आणि म्हणली, "आता कसं."

मेळ्यातल्या मोठ्या मोठ्या गाड्यांत असलं काम निघायचं न्हाई. हे मी लिहून देते. भोकरदनात झालं, आपल्या वर्कशॉपात झालं.

हवेला डब्याची वाट झाली, म्हणून झाकणाचं भोक मी परत बुजवलं.

वर 'परत' लिहिलं मी. खोडणार व्हते. राहू दे.

मामा, ते भोक पहिल्यांदा बुजवलं ते पण मीच.

रजतच्या लग्नाआधी गाडी रंगाला आल्ती. त्या दिवशी तुम्ही रामनवमीला जांब समर्थला गेल्ते. मी झाकण घासायला घेतलं तर टाचणीएवढं भोक. माझा जलम भोकं बुजवण्यात गेला. टाकी असो, बंब असो, बादली असो, भोक दिसलं की माझा हात थांबत न्हाई. मला वाटलं, सेठची गाडी, आणि झाकण किडलेलं, बरं दिसत न्हाई. कोणी सांगितलं नव्हतं. मी डाग दिला आणि कानस मारून असा साफ केला की बोट फिरवलं तरी कळू नये. वर रंग मारला. तुम्हाला सांगावं एवढं मोठं काम वाटलं न्हाई. खरं म्हणजे स्वतःवरच खूश झाल्ते मी.

आता टाकी उतरवल्यावर झाकणाचा रंग खरवडला आणि खाली डाग दिसला. कानस मी शेवटाला उलटी फिरवते, तुम्ही त्याच्यावरून मला किती बोलायचे. वळ उलटे व्हते. माझ्या हातचा डाग मी वळखणार न्हाई तर कोण वळखंल. तिथंच जमिनीवर बसले. रजतनं विचारलं तर गुडघ्याचं नाव सांगितलं.

आणि तुम्ही वर्कशॉप सोडलं त्या दिवशीचं. लाडबाई पाहुण्यांसकट राजूरच्या रस्त्यावर दोन घंटे उन्हात अडकल्या, सेठ वर्कशॉपात येऊन तुम्हाला वाटेल ते बोलले, आणि तुम्ही माझ्याकडं बघितलं. मी तुमच्याकडून बोलायला पाहिजे व्हतं. त्याच्याऐवजी मी गिऱ्हाइकांसमोर म्हणलं, मामा, हात थरथरून राह्यले तुमचे, आता बसा घरी. नवऱ्याच्या घरून मी परत आले तव्हा माझ्या बापानं दार लावलं आणि तुम्ही माझ्या हातात डाग द्यायची डागणी दिली. त्याच हातानं भोक बुजवलं, आणि वरून तुमच्या हाताला नाव ठेवलं. दोन वर्षं ते हाताचं वाक्य माझ्या डोक्यातून जात न्हाई. पण फोनवर तुम्ही हॅलो म्हणले असते तर मी हरभऱ्याचंच विचारलं असतं. मला माझी खोड माहीत हाय.

सेठला मी सगळं सांगितलं. पेढे वाटले त्याच घरात, लाडबाई, रजत, ड्रायव्हर सगळे बसलेले. झाकण पुढं ठेवलं आणि म्हणलं, हा डाग माझा. रामराव मिस्त्रीचा इलाज पहिल्या दिवसापासून बराबर व्हता. गाडी माझ्यामुळं बंद पडत व्हती, आणि आता माझ्यामुळं चालू झाली. सेठनं झाकण हातात घेऊन डाग बघितला. मंग म्हणले, "मी रामरावजीला काय काय बोललो." लाडबाई म्हणली, "माझ्यापुढं काय म्हणतो. त्यांच्यापुढं जाऊन म्हण."

तर शनिवारी सकाळी दहाला आम्ही केदारखेड्याला येतो. गाडीच घेऊन येतो. सेठ येतात, म्हातारी पण हट्टाला पेटलीय. गाडी तुमच्या दारात आणणार न्हाई, पारापुढं उभी करीन. मी बोलले ते लोकांत बोलले, तर मागं पण लोकांतच घेणार. तुम्ही आले तर बरं. न्हाई आले तरी मी उभी राहून बोलीन, गाव ऐकंल, तुमच्या कानावर येईलच.

मेळ्याच्या फॉर्मवर मिस्त्रीचं नाव लिहायची जागा हाय. रजतनं माझं टाकलं. मी खोडू दिलं न्हाई, कशाला खोडू. त्याच्या वर तुमचं टाकायला लावलं.

अजून एक. गाडी चढाला लागली की इंजनात बारीक टकटक येते. सेठला ऐकू येत न्हाई, रजतला येत न्हाई, मला येते. हे टाकीचं काम न्हाई, माझ्या हातचं न्हाई, आणि संभाजीनगरच्यांना मी हात लावू देणार न्हाई. मेळ्याला तीन आठवडे हायेत. शनिवारी कामाचे कपडे घाला.

तुमच्या हाताखालची,
दैवशाला मिस्त्री