एक्केचाळीस हरणांची हजेरी

१ सप्टेंबर, सोमवार

आजपासून मी वाइल्डलाइफ मॅनेजर. ऑफर लेटरवर ‘फार्म सुपरवायझर, तीन महिने प्रोबेशन’ असं लिहिलंय, पण ती एचआरची भाषा.

अल ऐनच्या बाजूला अरबाबांची, म्हणजे आमच्या अरब मालकांची, सातशे एकर वाळू, भोवती कुंपण, आत हरणं. दर नोव्हेंबरात अरबाब पाहुणे घेऊन शिकारीला येतात. परवाना बारा हरणांचा. तो दिवस नीट पार पडला की मी पर्मनंट. नाही पडला तर व्हिसा कॅन्सल आणि बायको शहरबानू, मुलगी एमान दोघींना घेऊन थेट रत्नागिरी. एमानची दहावी मार्चमध्ये आहे. तेव्हा दिवस नीट पार पडणारच.

इंटरव्ह्यूत सांगितलं, आमचं घराणं शिकाऱ्यांचं. खोटं नाही ते. खापरपणजोबांनी बिबळ्या मारला होता. निदान पाहिला तरी होता. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या गोदामात सोळा वर्षं स्टोअरकीपर होतो हेही सांगितलं, पण जरा हळू आवाजात.

हाताखाली स्टाफ एक. भिवा. माणदेशातला, पन्नाशी उलटलेला, सहा वर्षं इथेच. आयुष्यभर मेंढरं राखलेली. मॅनेजमेंटचा अनुभव शून्य.

६ सप्टेंबर, शनिवार

सुट्टी. दुबईला, इंटरनॅशनल सिटीत घरी. ड्रॅगन मार्टमधून शिकारी जाकीट घेतलं, २४० दिरहम. शहरबानूने लगेच रुपयांत मोठ्याने सांगितलं. तिला म्हटलं, हा खर्च नव्हे, इन्व्हेस्टमेंट आहे. जाकिटावर हिरवी पानं छापलीत, म्हणजे प्राण्यांना माणूस दिसत नाही.

एमानला माझं काम समजावून सांगितलं. ती म्हणाली, “सो बेसिकली यू आर अ शेफर्ड, अब्बा.” आजकालच्या शाळांत जनरल नॉलेज राहिलेलं नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

जाकीट घालून पाहणी केली. मैलभर पिवळी वाळू आणि मधे हिरवागार मी. हरणं एक किलोमीटरवरून पळाली. त्रेचाळीस डिग्री. जाकीट तूर्त माझ्या राहायच्या पत्र्याच्या पोर्टाकॅबिनमध्ये टांगलंय.

भिवाला विचारलं, एकूण हरणं किती? म्हणाला, चाळीस-पंचेचाळीस असतील. असतील! सहा वर्षं नोकरी आणि स्टॉकचा पत्ता नाही. माझ्या गोदामात एक नट कमी पडला तरी मला रात्रीचं जेवण जात नसे. उद्यापासून शिस्त.

९ सप्टेंबर, मंगळवार

योजना तयार. रोज संध्याकाळी पाचला पिकअप घेऊन जायचं, तीन लांब हॉर्न मारायचे, दाणा टाकायचा. हरणं येतील, मी मोजीन, एक्सेल शीटमध्ये टिक करीन. डेली स्टॉक-टेकिंग. हे कोणाला कसं सुचलं नाही याचंच नवल वाटतं.

भिवाने डोकं खाजवलं आणि म्हणाला, लांबून दाणा टाकतो त्येच बरं हाय, जवळ बोलावलं तर जनावराला सवय लागंल. मी म्हटलं, सवय लागावी म्हणूनच तर करतोय.

२३ सप्टेंबर, मंगळवार

आज सात आली. लांब उभी राहिली, पण आली. रजिस्टरला पहिल्यांदा आकडा लागला. जेवण गोड लागलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

एकतीस. आता हॉर्न वाजायच्या आधीच येऊन उभी राहतात. मला घड्याळ बघायची गरज उरली नाही.

अरबाबांचा फोन आला. विचारलं, तयारी? म्हटलं, इन्शाल्ला फर्स्ट क्लास. स्टॉक अंडर कंट्रोल. ते खूष झाले असावेत, कारण पुढे काहीच बोलले नाहीत.

१२ ऑक्टोबर, रविवार

मचाण बांधून घेतलं. डिझाइन माझं, बांधकाम भिवाचं. पाया वाळूत धरत नाही म्हणून तो कुरकुरत होता. मी वर चढून प्रात्यक्षिक दाखवलं. वरून नजारा उत्तम. मचाण हळूहळू पूर्वेकडे कललं आणि मी जमिनीवर आलो. पडलो नाही, आलो. कंबर दुखते आहे.

पडल्यावर, म्हणजे आल्यावर, एक हरीण जवळ येऊन माझा कान हुंगून गेलं. टॅग नंबर सतरा.

२० ऑक्टोबर, सोमवार

एक्केचाळीस! पूर्ण स्टॉक. रांगेत उभी राहिली. सोळा वर्षांत माझ्या गोदामातली माणसंसुद्धा इतक्या शिस्तीत उभी राहिली नाहीत. व्हिडिओ काढून घरी पाठवला. एमानने पाठवलं, “सो क्यूट.” क्यूट नव्हे, कंट्रोल म्हणतात याला.

आज भिवा एकदम सरळ बोलला.

“सायेब, ह्यास्नी मानसाची भीतीच ऱ्हायली न्हाई. शिकारीच्या दिवशी पळनार कशी ही?”

मी त्याला समजावलं की बंदूक दिसली की जनावर आपोआप पळतं, ते रक्तातच असतं. वर लेखी मेमो दिला: वरिष्ठांच्या कामात ढवळाढवळ करू नये. त्याला इंग्रजी येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवला. त्याने घडी घालून खिशात ठेवला आणि दाणा भरायला गेला.

३ नोव्हेंबर, सोमवार

भिवाच्या म्हणण्यात तथ्य नाही. तरी खबरदारी म्हणून आज हरणांना पळवण्याचा सराव घेतला. हात वर करून ओरडत अंगावर धावलो. ती जागची हलली नाहीत. सतरा नंबर माझ्यामागून धावत आलं. शेवटी पळालो तो मी एकटाच.

उद्यापासून हॉर्न बंद.

४ नोव्हेंबर, मंगळवार

हॉर्न बंद केला तर सगळी पोर्टाकॅबिनच्या दाराशी. जाकिटाची बाही खाल्ली. हॉर्न पुन्हा सुरू.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्या शिकारीचा दिवस. शहरबानूचा फोन. एमानच्या बोर्डाची फी भरायची शेवटची तारीख जवळ आली, भरू का, असं तिने दोनदा विचारलं. म्हटलं, भर, बेधडक भर. तिने विचारलं, तुमचा आवाज असा का येतोय? म्हटलं, नेटवर्क.

मला भीती वाटत नाही. भूक लागत नाही एवढंच.

१५ नोव्हेंबर, शनिवार

लिहून टाकतो. मन हलकं होईल.

सकाळी आठला सहा लँड क्रूझर आल्या. मागे बायकापोरांसाठी तंबू, गालिचे, चहा. पाहुणे खुशीत होते, लग्नाच्या वरातीत वाजवतात तसे गेटपासूनच हॉर्न वाजवत आले. सहा गाड्यांचे हॉर्न. मी हातवारे करून नको नको म्हणत होतो. त्यांनी उलट मलाच हात हलवले.

टेकाडामागून धुरळा उठला. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस, भरधाव, गाड्यांकडे. आली आणि रांगेत उभी राहिली. सतरा नंबरने खिडकीतून मान घालून एका पाहुण्याच्या मांडीवरचे खजूर खाल्ले. दुसऱ्याने चिडून हवेत बार काढला. हरणं दचकली, चार पावलं मागे गेली आणि पुन्हा येऊन दाण्याची वाट बघू लागली. रक्तात काही नव्हतं.

पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. अरबाबांच्या डोळ्यांवर काळा चष्मा, चेहरा वाचता येईना. ते माझ्याजवळ आले आणि हिंदीत विचारलं, “ये किसने किया?”

माझ्या डोळ्यांसमोर फक्त मार्च महिना होता. मी बोट दाखवलं.

“भिवाने. सब उसका काम है. मैंने दस बार मना किया था.”

भिवा तीन हातांवर बादली घेऊन उभा होता. हिंदी त्याला माझ्यापेक्षा बरं येतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बादलीकडे.

अरबाब त्याच्याकडे गेले. मला वाटलं, मारतात. त्यांनी त्याचा हात हातात घेतला. मागच्या गाडीतून त्यांची नात कधीच धावत आली होती, तिच्या तळव्यावरून हरणं दाणा खात होती आणि ती आजोबांना ओरडून सांगत होती की यांना मारायचं नाही. अरबाब म्हणाले, खलास, शिकार रद्द. यंदाचीच नाही, कायमची. जागा आता घरातल्या मुलांसाठी. भिवा इथला मॅनेजर, पगारवाढ, फॅमिली व्हिसा.

मला बाजूला घेऊन अरबाब फार अदबीने बोलले. तुम्ही शिकारी घराण्यातले, हे असलं तुम्हाला पसंत नाही, तुम्हीच सांगितलंत. तुम्हाला इथे अडकवून ठेवणं बरोबर नाही. तीस तारखेपर्यंत थांबा.

एक्सेल शीट दाखवावी असं मनात आलं. रोजचे टिक-मार्क आहेत, माझ्या नावाचे. पण दहा वेळा मना केलं होतं ना.

१६ नोव्हेंबर, रविवार

दुपारी भिवा फॅमिली व्हिसाचा फॉर्म घेऊन आला. इंग्रजी येत नाही म्हणून. अजून सायेबच म्हणतो. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. लाज वाटली. मान खाली घालून फॉर्म भरला. बायकोचं नाव कावेरी. आखातातल्या अकरा वर्षांत तिला तीनदा भेटलाय. हुद्द्याच्या रकान्यात काय लिहायचं, त्याने विचारलं. मॅनेजर लिहिलं. स्पेलिंग दोनदा तपासलं.

जाताना दारात थांबला. म्हणाला, “अरबाबास्नी सांगून आलोय. पोरीची दहावी होऊ द्या. मार्चपतूर दाण्याचं स्टोअर सांभाळा.”

मी म्हटलं, विचार करून कळवतो.

तो म्हणाला, ड्यूटी सकाळी सहाला, येळेवर या.

साडेपाचचा अलार्म लावला.