मिश्राजींचा फोटो

१२ जुलै २०१६, मानक नगर

आमचे सेक्शन हेड मिश्राजी आज भर मीटिंगमध्ये माझ्यावर ओरडले. "मॅडम, साइट सिक्योर करने को कहा था, फिर वॉर्निंग क्यों आ रही है?" 

दुपारभर ऑफिसच्या वेबसाइटचं एकेक पान तपासलं. सगळं सुरक्षित पत्त्यावर आलं होतं; फक्त त्यांचाच हसरा फोटो जुन्या, असुरक्षित लिंकवरून येत होता. लिंक बदलली, ब्राउझरची वॉर्निंग गेली. सांगायला गेले, तर ते फोनवर डायरेक्टरसाहेबांना म्हणत होते, "सर, मैंने ठीक कर दिया."

मैंने! आणि तो हसरा फोटो!

जागेवर येऊन डायरेक्टरसाहेबांना ईमेल लिहिला: दोष कुठल्या फोटोत होता आणि दुरुस्त कोणी केला. मिश्राजींना कॉपी ठेवली. आणि पाठवून दिला.

उद्या भडकतील. भडकू देत.