आधी त्यांचं सेटल होऊ दे

बाबा, काल दोघे भाऊ घाटकोपरच्या आपल्या घरी आले, मी केलेली सुरमई मिटक्या मारत खाल्ली आणि हात धुताना धाकटा म्हणाला, "ताई, तू एकटी इथे काय करणार? हे घर विकू, तू आमच्यापैकी कुणाकडे तरी सेटल हो." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा शब्द त्यांना कुणी दिला? तुम्हीच.

इंग्रजी तुम्हाला येत होतं किती? गिरणीत उचललेले चार शब्द. पण ह्या एकाशिवाय तुमचं पान हलायचं नाही. पोट बिघडलं, "ताक पी, सेटल होतला." चाळीतलं भांडण, गावच्या जमिनीची केस, पोरांच्या नोकऱ्या, सगळं सेटल. गिरणी बंद पडली तेव्हाही तेच म्हणालात, आणि मरोळच्या कंपनीत पॅकिंगला मी उभी राहिले. माझ्यासाठी मात्र हा शब्द कधी निघाला नाही तुमच्या तोंडून. बाकीच्यांनी सेटल व्हायचं आणि मी थांबायचं, असं ठरूनच गेलं होतं.

तो रविवार आठवतो? कंपनीत माझ्याबरोबर असलेले ते, त्यांच्या मावशीला घेऊन रीतसर मागणी घालायला आलेत. मी आत पोहे परततेय, कान बाहेर. तुम्ही म्हणताय, "चेडू आमचा चांगलाच आसा, पण आधी झिलांचा सेटल होऊंदे, मगे बघूया." ते म्हणतात, "थांबतो मी." तुम्ही सरळ नाही म्हणाला असतात तर मी भांडले असते, पळूनही गेले असते. तुम्ही नाही म्हटलंच नाहीत, त्याचाच मला जास्त राग आहे. आधी भावांचं: मोठ्याची नोकरी, धाकट्याचं शिक्षण, मग मोठ्याचं लग्न. ते बरंच थांबले, आणि मग त्यांनी दुसरीकडे लग्न केलं. त्यांना काय दोष देऊ? मला तुम्ही म्हणालात, "नशीब गो बाय." नशीब कसलं डोंबलाचं. माझा पगार घरातून जायला नको होता, एवढं बोलायची हिंमत नव्हती तुमच्यात.

काल मी बोलले. "घराला तिघांची नावं आहेत. माझी सही मिळणार नाही, मी इथेच राहणार." मोठा म्हणाला, "चिडतेस काय गं? शांतपणे सेटल करू ना." मी दोघांना दार दाखवलं. जाताना धाकट्याने उरलेली सुरमई डब्यात मागितली, ती पण दिली नाही.

हे पत्र कुठे पाठवणार, कपाटातच पडेल. पण एक सांगायचं राहिलं. काल संध्याकाळी त्यांचा फोन आला, मरोळच्या त्यांचा. बायको जाऊन काही वर्षं झालीत, अधूनमधून फोन करतात. म्हणाले, "रविवारी चहाला येऊ का?" आणि मी म्हटलं, "थांबा जरा, भावांचं हे घराचं एकदा सेटल होऊ दे." ते म्हणाले, "बरं. थांबतो मी."

फोन ठेवला आणि तुमचा फोटो भिंतीकडे तोंड करून फिरवला. तो अजून तसाच आहे. आणि मी त्यांना परत फोन केलेला नाही.