लेउताची तिसरी उचल

४ मार्च, सोमवार
वेटलिफ्टिंगच्या सरावात लेउताला आज पुन्हा बांबूच दिला. सहावा आठवडा. तेरा वर्षांची पोर नारळांची गोणी खांद्यावर टाकून चढ चढते, आणि मी तिच्या हातात रिकामा बांबू देतो! तोंड फुगवून चाळीसदा उचलला. पाठ सरळ राहिली अकरा वेळा.

७ मार्च
तिची आई फिलोइ सरावाच्या शेडवर आली. भाजलेल्या तारोच्या कंदांची टोपली ठेवली आणि म्हणाली, बांबूच धरायचा तर घरी आहे की, वर कपडेही वाळत घालून होतील. पटण्यासारखं होतं. तारो उत्तम. बांबू चालूच.

२ एप्रिल
लोखंडी बार दिला. पाठ एकदाही वाकली नाही! ती हसली. मी वहीत लिहायच्या निमित्ताने खाली बघितलं.

२० जुलै, आपिआ
राजधानीला येताना बोटीत लेउता ओकली. मीही.
मुलींची स्पर्धा. दुसऱ्या प्रयत्नात तिने साठ किलो उचलले, पण पाठ वाकली. दुसरी एक मुलगी चौसष्टवर. पहिलं यायचं तर पासष्ट हवेत. संघटनेचे तौफासाहेब माझ्या कानाशी लागले – उचलेल ती, होऊ दे. लेउताही म्हणाली, "कोच, उचलते मी."
उचलले असते तिने. तेच तर.
"आज नाही," म्हणालो आणि तिसरा प्रयत्न सोडला. रौप्यपदक तिने खिशात कोंबलं. परतताना बोटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.
प्रेक्षकांत इओने होता. माझ्या हाताखालचा सगळ्यात गुणी पोरगा. सोळाव्या वर्षी दोन महिन्यांत मी त्याच्या बारवरचं वजन तीस किलोंनी वाढवलं. मणका गेला. अजून काठी घेऊन चालतो. सतरा वर्षं बोलणं नाही. मी हात केला. त्याने पाहिलं, हात काठीवरच ठेवला. बरोबर आहे.

२२ जुलै
लेउता आली नाही.

२३ जुलै
नाही.

२५ जुलै
आली. माझ्याशी बोलली नाही. बारला वजनं स्वतःच लावली – चाळीस. पाठ सरळ.

३० जुलै
इओनेचा फोन. आवाज लगेच ओळखला.
"कोच, माझी मुलगी बारा वर्षांची झाली. तुमच्याकडे पाठवू का?"