भोक झिजलेला कप आणि घरातला अर्धा वाटा

मी, घरातला धाकटा, ज्याला सगळे भिंगरी म्हणतात तो, अंगाने धड आणि डोकं ठिकाणावर असताना हे लिहून ठेवतो. कोणी दम दिलेला नाही, कोणी सांगितलेलंही नाही. माझं काम म्हणजे जे वाहतं ते किती वाहतं हे तपासणं: रंग, ग्रीस, सॉस, शाम्पू. उद्यापासून मला समुद्रातल्या तेलविहिरीच्या ड्रिलिंगवर पाठवतात, भोकात सोडायचा चिखल तपासायला. माझ्या आधीचा तपासनीस तिथून परत आला नाही. कंपनीच्या कागदावर वारसासाठी एकच ओळ होती. तिच्यात मावेना, म्हणून हे वेगळं.

पत्र्याची पेटी फोरमनना. ते म्हणाले, "मृत्युपत्राला आधी मालमत्ता लागते रे." म्हणून त्यांनाच. कुलूप लागत नाही.

भीती वाटते का, हेही त्यांनी विचारलं. वाटत नाही. वडील गेल्याचा फोन आला तेव्हा यंत्रात नमुना फिरत होता, तो संपवूनच मी उठलो. तेव्हापासून असंच आहे.

घरातला माझा अर्धा वाटा वहिनीच्या नावे. दादाच्या नाही. अट एवढीच की आई पुढच्या खोलीत, खिडकीपाशीच राहील. बँकेत जे असेल ते आईच्या पावडरीला.

पावडर पाणी घट्ट करायची. अर्धांगाचा झटका आल्यापासून आईला साधं पाणी चालत नाही, चुकीच्या वाटेने छातीत जातं. डॉक्टरांनी सांगितलेलं घरात सगळ्यांना पाठ आहे.

मागच्या सुट्टीत दादा पावडर ढवळत होता. पातळ दिसली की आणखी टाकत होता. मी म्हणालो, "दादा, जरा राहू दे. बसली की मग बघ."

"आईला पाणी पाजायचंय, भिंत नाही रंगवायची."

थोड्या वेळात पाण्याची खळ झाली. आई म्हणाली, "हे तूच खा." दादा चिडला आणि तिला नळाचं पाणी दिलं. ती निळी पडली. वहिनीने तिला पुढे वाकवून पाठीवर थापा मारल्या. दादा दारात उभा होता. वाटा कोणाला आणि का, हे त्याला कळेल.

आमच्या कामावर नवा माणूस ढवळण्यात हीच चूक करतो. ढवळून लगेच मोजतो. मला स्वतःला कुठे बसवत नाही, पण नमुन्याला मी बसू देतो.

धार किती वेळ चालते ते मोजायचा, तळाला भोक असलेला स्टीलचा कप दादाला. वहिनी कामावर गेली की आईचा पेला त्याच्याच हातात असतो. कप सॉसच्या टेबलावरचा आहे, रंगाचा नाही. तळाचं भोक झिजलं म्हणून कंपनीने टाकला. आकडा खोटा देतो, पण रोज सारखाच खोटा देतो, आपल्याला तेवढं पुरतं. पावडर ढवळून पेला बाजूला ठेवायचा. हात धुवायचे, आईची उशी नीट करायची, मग कप भरायचा. भोकावरचं बोट काढलं की बेचा पाढा म्हणायचा. पाढा संपायच्या आत धार तुटली तर पातळ आहे, द्यायचं नाही. तीनचा पाढाही संपला आणि धार चालूच, तर आई पिणार नाही. घड्याळ लागत नाही. दादाला पाढे माझ्यापेक्षा चांगले येतात, शाळेत त्याबद्दल त्याला कंपासपेटी मिळाली होती. ती मी मोडली होती.

माझी बातमी आली तर ती आईला दादानेच सांगावी. पण पेला संपल्यावर. घोट तोंडात असताना सांगू नये. रडताना तिला गिळता येत नाही.

सही: भिंगरी
साक्षीदार: फोरमन (पेटी मिळाली), खालच्या पलंगावरचा टँकरवाला
ठिकाण: कामगारांची खोली, वरचा पलंग
तारीख: रविवार, निघण्याच्या आदल्या दिवशी