काडुहंदी क्लब आणि माझ्या घराचा तळमजला

मी महानंदा शंभूराज साळुंखे, वय एकाहत्तर, राहणार जे. पी. नगर, बेंगळुरू, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. शरीराचे तसे नाही, कर्करोग यकृतापर्यंत पोचला आहे. मला कोणीही भरीस घातलेले नाही. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

राहते घर यजमानांनी माझ्या नावे बांधले. त्याचा वरचा मजला व माझे सर्व दागिने थोरला मुलगा दत्ता याला द्यावेत. धाकटा अभिमन्यू आता नाही.

तळमजला मोहनकुमार, राहणार के. आर. पुरम, याला कायम मालकी हक्काने द्यावा. तो आमच्या नात्यातला नाही, म्हणून कारण लिहिते.

याच तळमजल्यावर अभिमन्यूने रग्बीचा क्लब काढला. नाव ठेवले काडुहंदी, म्हणजे रानडुक्कर. यजमान म्हणाले, "दुसरं नाव मिळालं नाही?" इथली कन्नड मुले आणि बेळ्ळंदूरच्या कंपन्यांत आलेली पुण्या-नागपूरची मुले रविवारी तलावामागच्या पडीक जागेवर खेळत. पहिल्या जर्सी मी शिवल्या. चिखलाच्या बुटांसाठी दारात गोणपाट टाकलेले असे. पुढे त्या जागेवर इमारती उठल्या आणि क्लब भाड्याच्या मैदानावर गेला.

तिथे एका सामन्यात स्क्रम कोसळला. दोन्ही संघांचे खेळाडू एकमेकांना धरून, वाकून समोरासमोर रेटतात, त्याला स्क्रम म्हणतात. अभिमन्यू मध्ये होता, मोहन त्याला धरून शेजारी. अभिमन्यूची मान मोडली. मानेखाली पुन्हा काही हलले नाही. तसा तो सहा वर्षे जगला.

सुरुवातीला मुले पाळीपाळीने येत. मग कोणाची बदली झाली, कोणाचे लग्न झाले. मोहन येत राहिला. "अक्का, स्वल्प बाजूला व्हा," म्हणून अभिमन्यूला उचलून आंघोळ घाली. दत्ताने अभिमन्यूला संस्थेत ठेवू म्हटले होते. माझे हाल बघवत नव्हते म्हणून म्हटले, हे मी जाणते. तरी तळमजल्यावर त्याने दावा सांगू नये.

क्लबचे सचिव तनय यांनी अभिमन्यूच्या नावाचा चषक बंद करावा. त्याच्या शेवटच्या दुखण्यात क्लबच्या कारभाऱ्यांपैकी कोणी उंबरा ओलांडला नाही. चषकाच्या दिवशी मात्र मला हार घालायला गाडी येते.

शिलाई मशीन शेजारच्या वल्लरीला द्यावे.

माझ्या बाराव्याला सगळे जमल्यावर या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी नेमलेली शाल्मली हिने पुढचे मोठ्याने वाचावे.

मोहनचा हात सुटला म्हणून अभिमन्यू पडला, असे क्लबमध्ये बोलले गेले. मोहनलाही तेच खरे वाटते. मी विषय काढला की तो उठून बाहेर जातो. अभिमन्यूने मला सांगितले ते असे: "आई, त्याचा हात सुटला नव्हता. पाय माझा घसरला. खाली गेलो तरी त्यानं मला धरलंच होतं. मी सांगितलं तर म्हणतो, तू माझं मन राखतोस."

हे वाचले जाईल तेव्हा मी कोणाचे मन राखायला उरलेली नसेन. मोहन, आता तरी खरे मान.

ठिकाण: बेंगळुरू
तारीख: ९ फेब्रुवारी २०२५

(सही) महानंदा शंभूराज साळुंखे

बाईंनी आमच्यादेखत सही केली, आम्ही त्यांच्यादेखत केली.
साक्षीदार:
१. सुब्बाराव, शेजारी (सही)
२. डॉ. दिव्यश्री (सही)