हळूहळू उतरवायचं

सोमवार, ३
देवाच्या कृपेने नोकरीचा पहिला दिवस छान गेला. मुलाची अर्धी कोरी वही रोजनिशीला घेतली. पानं वाया गेलेली मला बघवत नाहीत. मॅट्रिकचं सर्टिफिकेट बत्तीस वर्षांनी ट्रंकेबाहेर आलं. आमचे हे म्हणाले, आता बाईसाहेब आम्हाला ओळख देतील का? मी म्हटलं, आपला चहा आपण करून घेतलात तर देईन.

काम नवजात बाळांच्या वॉर्डात. सिलिंडरचा काटा किती वाजता कुठे होता ते लिहायचं. त्यातला गॅस ऑक्सिजन नाही, वेगळाच; बाळांना श्वासातून देतात. सिस्टरनं नीट समजावलं. काही बाळांच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या जन्मल्यावरही आवळलेल्याच राहतात, तिथला दाब चढतो, अंग निळं पडतं. हा वायू गेला की त्या सैल होतात. यंत्रावरचा आकडा वीसवर ठेवून सुरू करायचं, मग दहा, पाच, शेवटी एक. एकदम तोडला तर वाहिन्या पहिल्यापेक्षा घट्ट आवळतात. म्हणाली, मावशी, मुक्काम ठोकलेल्या जावयाला घालवतो ना, तसं हळूहळू उतरवायचं. सगळ्या खो खो हसल्या.

तीन मजले चढूनही एका श्वासात वीस वेळा देवाचं नाव घेतलं. दम अजून शाबूत आहे.

बुधवार, ५
पहिल्या खाटेवरच्या बाळाला वॉर्डातल्या सगळ्याजणी ‘मुठी’ म्हणतात. उजवी मूठ उघडतच नाही. चार दिवसांचा आहे. काल दहावर होता, आज गाल गुलाबी. त्याची आई काचेबाहेर बाकावर बसून असते, घरी जात नाही. आज मला म्हणाली, मावशी, तुम्ही नाव घेता तेव्हा त्याच्यासाठीपण एक घ्या. घेतलं.

शुक्रवार, ७
ही वही देव आणि मी, दोघांतच आहे. म्हणून लिहिते.

शेवटचा सिलिंडर चालू होता. नवे सोमवारी येणार, आणि दुसरं एक निळं बाळ गाडीतून इकडे निघालेलं. मुठी सकाळपासून पाचवर, शांत झोपलेला. डॉक्टर म्हणाले होते, एक-दोन दिवसांत बंदच करू. सिस्टर नव्या बाळाची खाट लावायला गेली. मला वाटलं, आज काय नि उद्या काय. येणाऱ्या जिवाला तरी उरेल. घरी भाजी शिजली की शेगडी बंद करून मी वर सिलिंडरही बंद करते. त्याच हाताने कॉक फिरवला. यंत्र ओरडलं. ते दिवसभर ओरडतंच. आवाज थांबवायला सिस्टर दाबते ते बटण मीही दाबलं.

ओठ निळे झाले. मग नखं. मी कॉक पुन्हा उघडला, तोवर सगळे धावत आले होते. दुपारी तो गेला. मूठ मिटलेलीच.

मेट्रनबाईंनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, सिस्टरचा हात यंत्रावर पाहिला. तिला घरी पाठवलं.

शनिवार, ८
आई टोपडं न्यायला आली. रडत नव्हती. माझं मनगट धरून म्हणाली, सिस्टरनं नाही केलं, तिला मी इतके दिवस बघितलंय. ज्यानं केलं त्याचाही श्वास बंद होईल. पण माझ्या बाळासारखा एकदम नाही, मावशी. नियमाप्रमाणे. हळूहळू उतरवीन.

कोपऱ्यात मुठीचं यंत्र उभं आहे. वायर काढलेली. मी जवळून गेले तर आकडा उजळला. वीस.

रविवार, ९
एका श्वासात दहाच नावं झाली. सर्दी असेल. आल्याचा काढा घेतला.
यंत्रावरही दहाच. झाडूवाल्या बाईला दाखवलं. ती म्हणाली, मावशी, काच काळी आहे की, चष्मा पुसा.

सोमवार, १०
पाच. जिन्यात तीनदा बसले. आमचे हे म्हणतात, नखांना शाई लागलीये का? घासली. निघत नाही.
बाकावर मुठीची आई बसलेली. हसली. पाच बोटं दाखवली.
मेट्रनबाईंना ही वही द्यावी का? पण नोकरी, चार लोकांत नाव— उद्या बघू.

मंगळवार, ११
तीन. गळ्याशी काहीतरी आवळतंय. इवलंसं, ऊबदार. बोटं मोजली. पाच.
मेट्रनबाईंच्या दाराशी गेले. सांगायचं होतं, सिस्टरनं नाही. तीन शब्दांपुढे दम नाही, ते तीन मी देवाच्या नावात घालवले. त्या फोनवर होत्या. परत आले.

बुधवार, १२
दोन. सिस्टरचं सर्टिफिकेट रद्द होणार म्हणे.
हे डॉक्टरला आणायला गेलेत. मी दार लावलं होतं. मुठीची आई आत कशी—
नाडी मोजतेय माझी. अगदी मायेनं.

गुरुवार, १३
एक.
मेट्रनबाई उशाशी. यांनी बोलावलं. त्यांच्यामागे मुठीची आई, टोपडं घेऊन. विचारतेय, कोणी?
एकच शब्द मावतो. तुझं नाव, देवा, की—
मूठ आवळतेय—
देवा, तू थांब. आधी सांगते—
मी—